शहाण्याने पोलीस स्टेशनची पायरी चढावी

परवा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एका मुलाने एका पत्राचा फोटो टाकला. सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र. आरोपीचा शोध लागला नाही, सबब तपास थांबवत आहोत, नवीन माहिती मिळाल्यास पुन्हा सुरू करू. एवढंच. पाच मिनिटांत खाली पहिली कमेंट आली, "सांगितलं होतं ना, काही उपयोग नाही म्हणून?" त्यावर अठरा अंगठे.

त्या अठरा अंगठ्यांसाठी ही पोस्ट. मोठी आहे, पण वाचा. विशेषतः ज्यांची मुलं-मुली शिकायला बाहेर आहेत त्यांनी वाचा.

आधी काय झालं ते सांगतो. मुलगा सांगलीकडचा, इथे म्युनिकला मास्टर्स करायला आलेला. ओळख फारशी नाही, गणपतीत आरतीला एकदा भेटलेला. गेल्या ऑक्टोबरात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "दादा, झोपला नव्हतात ना?" इथून सुरुवात आणि मग बराच वेळ इकडचं तिकडचं. शेवटी मीच म्हटलं, "काय झालंय ते सांग."

म्युनिकमध्ये खोली मिळणं किती अवघड आहे ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको. याला एका वेबसाइटवर छान खोली दिसली. भाडं परवडणारं. मालक म्हणाला, मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट आणि पहिलं भाडं पाठव, किल्ली कुरिअरने येईल. करारपत्र पाठवलं, स्वतःच्या पासपोर्टचा फोटोही पाठवला. "विश्वासासाठी" म्हणून याच्याकडूनही पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचे फोटो मागून घेतले. याने दिले. १,६५० युरोही पाठवले. किल्ली काही आली नाही. त्या पत्त्यावर जाऊन बघितलं तर दारावर भलतंच नाव, आणि आतल्या आजीबाई म्हणाल्या, "या आठवड्यात किल्ली मागायला आलेला तू दुसरा."

१,६५० युरो म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये. भारतातून इथे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी साधारणपणे महिना ९९२ युरो या हिशेबाने वर्षभराची रक्कम आधीच खात्यात भरून दाखवावी लागते. म्हणजे पोराचा दीड महिन्याहून जास्त खर्च एका झटक्यात गेला. तोही बापाने कर्ज काढून दिलेला.

"पोलिसांत गेलास का?" मी विचारलं.

"नाही दादा. ग्रुपवर विचारलं. सगळे म्हणाले, सोडून दे."

मी ग्रुप उघडून बघितला. "गेले ते गेले, उगाच व्हिसाचं लफडं नको." "परक्या मुलखात पोलिसांच्या नादी लागू नये." "पैसे तूच पाठवलेस ना? मग तुलाच उलटं विचारतील." "उद्या पीआरच्या वेळी रेकॉर्ड निघेल." आणि पंधरा वर्षं इथे काढलेल्या एका गृहस्थांचं शेवटचं वाक्य, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोबाईल चोरीला गेला तरी "हरवला असं लिहून द्या" म्हणणारे हवालदार आपण पाहिलेत. "ही हद्द आमची नाही" हे ऐकून दोन ठाण्यांत हेलपाटे घातलेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावी असं स्पष्ट लिहावं लागलं, यातच आपला अनुभव काय होता ते आलं. तेव्हा भीती खोटी नाही. फक्त ती भीती आपण लोणच्याच्या बरणीबरोबर बॅगेत भरून इकडे आणली, आणि इथलं कपाट वेगळं आहे हे कुणी बघितलंच नाही.

व्हिसाचंच घ्या. ज्याचे राहण्याचे कागद नीट आहेत, म्हणजे विद्यार्थी, ब्लू कार्डवाले, नोकरीवाले, त्यांनी फिर्याद दिली म्हणून त्यांच्या परमिटवर काहीही परिणाम होत नाही. नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात ते तुम्हाला शिक्षा झालीय का, तुमच्यावर तपास चालू आहे का. तुमचं पाकीट कुणी मारलं का, हे विचारत नाहीत. आरोपी आणि फिर्यादी या दोन वेगळ्या रांगा आहेत. आपण मात्र पोलिसाचा गणवेश दिसला की दोन्ही रांगा एकच समजतो. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर तो गुन्हा, हे बरोबर. पण खरी तक्रार दिली म्हणून आजवर कुणाचा व्हिसा गेला असेल तर त्या ग्रुपवाल्यांनी मला एक उदाहरण दाखवावं.

दुसरी गोष्ट भाषेची. "माझं जर्मन ए-टू, पोलिसांपुढे काय बोलणार?" जर्मन फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १५८ मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. फिर्याद तोंडी देता येते, लेखी देता येते. ज्याला जर्मन येत नाही त्याला समजेल अशा भाषेत फिर्याद देण्यासाठी लागेल ती मदत मिळाली पाहिजे. मागितलीत तर फिर्याद मिळाल्याची लेखी पोच दिली पाहिजे. त्या पोचेचं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत भाषांतरही मागता येतं. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. आणि गुन्ह्याची माहिती मिळाली की तपास करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. रक्कम लहान आहे, तुम्ही परके आहात, या सबबी त्यात बसत नाहीत.

त्या रात्री आम्ही आधी बँकेला फोन केला. फसवणुकीत पहिला फोन बँकेलाच. पैसे समोरच्या खात्यात पडायच्या आत अडवले तर अडवले, एकदा पडले की परत आणणं फार कठीण. आमचे पडलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस स्टेशनला गेलो. मी सोबत.

सगळं गोड गोड झालं असं सांगणार नाही. काउंटरवरचा अधिकारी पहिल्यांदा वैतागला. "पैसे स्वतःच पाठवलेत ना?" असं त्यानेही विचारलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, चला निघूया अशा नजरेने. मी एवढंच म्हटलं, "हो, फसवून पाठवायला लावले. आम्हाला फिर्याद द्यायची आहे आणि पोच हवी आहे." वाक्य घरून पाठ करून गेलो होतो. त्याने खुर्ची दाखवली. मग दीड तास. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळे मेसेज, खाते क्रमांक, पैसे पाठवल्याची पावती. मला थोडी शंका होती तिथे त्याने स्वतःच इंग्रजीत विचारलं. निघताना हातात एक कागद, त्यावर तारीख, शिक्का आणि फाइल नंबर.

आता पाच महिन्यांनी तपास थांबल्याचं पत्र आलं. पैसे मिळाले नाहीत. मग अठरा अंगठे बरोबर आणि मी चूक?

थांबा. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणाच्या नावावर होतं हे मध्यंतरी त्याला कळलं. दुसऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याच्या. त्या बिचाऱ्याने कुठल्यातरी "पार्टटाइम जॉब"च्या जाहिरातीला भुलून आपले कागद पाठवले होते, आणि त्याच कागदांवर भामट्यांनी खातं उघडलं होतं. म्हणजे पोलीस सगळ्यात आधी कुणाच्या दारात गेले असतील? भामट्याच्या नाही. त्या पोराच्या.

आता आपल्या मुलाकडे परत या. त्यानेही पासपोर्ट पाठवलाय. रेसिडेन्स परमिट पाठवलंय. सहीचा करार पाठवलाय. उद्या त्याच्या नावाने कुठे खातं निघेल, कुठे जाहिरात लागेल, कुणी तिसरा त्याच्या पासपोर्टचा फोटो बघून पैसे पाठवेल. ज्या दिवशी पोलीस याची बेल वाजवतील त्या दिवशी "अहो मीसुद्धा फसलोय" हे तोंडाने सांगून कोण ऐकणार? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही. त्या वेळी याच्या हातात ऑक्टोबरच्या तारखेचा, शिक्क्याचा कागद असेल. माझे कागद चोरांच्या हाती गेलेत, हे मी आपणहून, आधीच, सरकारला कळवलंय असं सांगणारा कागद. व्हिसाला धोका म्हणून ज्या पायरीवर जायला तो घाबरत होता, त्याच पायरीवर त्याच्या व्हिसाचं संरक्षण मिळालं.

हे मला मुद्दाम लिहायचं होतं. फिर्याद म्हणजे फक्त चोर पकडायचं यंत्र नाही. परक्या देशात आपल्याला कुणी ओळखत नाही. गावात काही झालं तर शेजारी सांगतो, "मी ह्याला लहानपणापासून ओळखतो, हा असा नाही." इथे असं सांगणारा शेजारी नाही. इथे आपल्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे कागद.

बाकीचे उपयोगही आहेतच. घरफोडी झाली, तर पोलिसांत कळवल्याशिवाय घरसामानाचा विमा साधारणपणे दमडीही देत नाही. भारतीय पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला तर नव्यासाठी दूतावासात पोलीस रिपोर्ट लागतो. आणि आकड्यांचं तर सांगायलाच नको. जर्मनीची पोलीस गुन्हे आकडेवारी दरवर्षी निघते, त्यात नोंदवलेलेच गुन्हे मोजतात. आपण नोंदवलं नाही की सरकारच्या लेखी आपल्यावर काही घडलंच नाही. मग "भारतीय मुलांना लुटतात, कुणी काही करत नाही" म्हणून स्टेटस ठेवून काय उपयोग?

आणि एक लक्षात घ्या. आपण तक्रार करत नाही हे आपल्याआधी त्या भामट्यांना माहीत असतं. नवीन आलेला, भाषा न येणारा, व्हिसाला घाबरणारा, घरी सांगायला लाजणारा माणूस. याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार? "सोडून दे" हा सल्ला आपण मित्राला देतो, पण त्याचा फायदा चोराला होतो. त्या आजीबाईंच्या दारात आमचा मुलगा दुसरा होता. पहिल्याने काय केलं आम्हाला माहीत नाही. पण त्याने त्याच दिवशी तक्रार दिली असती तर कदाचित ती जाहिरात उतरली असती.

आता कुणी म्हणेल, हा फारच जर्मन पोलिसांची आरती ओवाळतोय. नाही. २००० ते २००७ या काळात इथे दहा खून झाले. आठ जण तुर्की मुळाचे, एक ग्रीक मुळाचा, आणि एक पोलीस महिला. मारणारे नवनाझी होते. पण वर्षानुवर्षं पोलिसांनी संशय घेतला तो मेलेल्यांच्याच घरच्यांवर. तुमचा माणूस ड्रग्जच्या धंद्यात होता का, कुणाशी वैर होतं का. वर्तमानपत्रांनी त्या खुनांना खाण्याच्या पदार्थाचं नाव दिलं. २००६ मध्ये कासेल आणि डॉर्टमुंडमध्ये या कुटुंबांनी मोर्चे काढले, दहावा बळी नको म्हणून. कुणी ऐकलं नाही. सत्य बाहेर आलं ते नोव्हेंबर २०११ मध्ये, तेही टोळीतल्या दोघांनी बँकेवर दरोडा टाकून नंतर स्वतःला संपवल्यावर. २०१२ मध्ये चान्सलर मेर्केल यांना त्या कुटुंबांची जाहीर माफी मागावी लागली.

हे मी विसरलेलो नाही, तुम्हीही विसरू नका. पण त्या कुटुंबांनी काय केलं ते बघा. ती पोलिसांवर विसंबून गप्प बसली नाहीत आणि पोलिसांना घाबरूनही गप्प बसली नाहीत. पुन्हा पुन्हा सांगत राहिली. २०१५ पासून इथल्या दंडसंहितेत लिहिलंय की शिक्षा ठरवताना गुन्ह्यामागचा वंशद्वेष कोर्टाने विचारात घ्यावा. म्हणून तुम्हाला कुणी ट्रेनमध्ये ढकललं आणि रंगावरून शिवी दिली, तर फिर्यादीत नुसतं "धक्का दिला" लिहू नका. शिवी होती तशी, शब्द न शब्द लिहायला लावा. नुसत्या अपमानाच्या गुन्ह्यात खटला चालावा म्हणून वेगळी मागणीही द्यावी लागते, आणि तिला मुदत तीन महिन्यांची. "बघू पुढच्या सुट्टीत" म्हणालात की संपलं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. खोली आणि पैसे परवडले. घरातला मार कुणी बोलत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुली आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यातल्या काहींना रोज ऐकवलं जातं, "पोलिसांत गेलीस तर तुलाच परत पाठवतील." एकदा स्पष्ट लिहितो. पत्नीला स्वतःचा राहण्याचा हक्क साधारणपणे इथे तीन वर्षं संसार झाल्यावर मिळतो. पण निवास कायद्याच्या कलम ३१ मध्येच अपवाद आहे. घरात हिंसा होत असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते. तो हक्क आपोआप मिळत नाही, मागावा लागतो, सिद्ध करावा लागतो. आणि सिद्ध कशाने करणार? पुन्हा कागदाने. पोलिसांचा रिपोर्ट, डॉक्टरांचा दाखला. मारणाऱ्यालाच घराबाहेर काढायचे अधिकार इथल्या पोलिसांना आणि कोर्टाला आहेत. ११६ ०१६ हा बायकांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट, नाव न सांगता, अनेक भाषांत. ताई, हे वाचत असशील तर नंबर एखाद्या मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करून ठेव.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, नाहीतर माझा सल्ला कुणाला आगीतून फुफाट्यात टाकेल. ज्याचं परमिट संपलंय, ज्याचे राहण्याचे कागदच नाहीत, त्याची गोष्ट वेगळी. बेकायदा राहणारा आढळला तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवणं इथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. अशा माणसाने आधी वकील किंवा सल्ला केंद्र गाठावं, मग ठाणं. आणि हे सगळं जर्मनीचं झालं. आखातात, अमेरिकेत, जपानमध्ये नियम वेगळे. तिथल्या मराठी मंडळींनी आपापल्या देशाचं खाली लिहावं, ऐकीव नको, खात्रीचं.

"दूतावास काही करणार नाही का?" हाही नेहमीचा प्रश्न. दूतावास तपास करू शकत नाही. तुमच्या बाजूने खटला लढवू शकत नाही. मार्गदर्शन, वकिलांची माहिती, घरच्यांशी संपर्क, नवा पासपोर्ट, एवढं करू शकतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवा. पण इथल्या पोलिसांऐवजी नव्हे, त्यांच्या जोडीला.

म्हणून ग्रुपवाल्यांना हात जोडून विनंती. पुढच्या वेळी कुणी "माझ्याबरोबर असं झालं" लिहिलं तर "सोडून दे" लिहू नका. हे लिहा:

१. जिवाला धोका असेल तर आत्ता ११० लाव.
२. पैसे गेले असतील तर आधी बँक. कार्ड गेलं असेल तर ११६ ११६ वर बंद कर.
३. काहीही डिलीट करू नकोस. मेसेज, जाहिरात, खाते क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ.
४. काय झालं ते तारीखवार एका पानावर मराठीतच लिही. भाषांतर नंतर होईल, आठवण नंतर येणार नाही.
५. फिर्याद ठाण्यात दे किंवा राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर. पोच आणि फाइल नंबर घेतल्याशिवाय उठू नकोस.
६. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: "मी येतो बरोबर."

हे सहावं कलम कुठल्याच कायद्यात नाही. ते आपल्यालाच पाळायचंय. त्या दिवशी मी ठाण्यात फारसं काही केलं नाही. शेजारी बसलो होतो एवढंच. पण अधिकारी वैतागला तेव्हा तो मुलगा उठला नाही, कारण शेजारी कुणीतरी बसलं होतं.

जाता जाता एक गोष्ट, गावाकडच्या मित्रांसाठी. पुण्यात आफ्रिकेतून, इराणमधून, येमेनमधून शिकायला आलेली मुलं आहेत. आपल्या सोसायटीत नेपाळहून आलेला वॉचमन आहे. त्यांचं डिपॉझिट घरमालकाने बुडवलं, त्यांना रस्त्यात कुणी मारलं, तर त्यांच्याही ग्रुपवर कुणीतरी लिहीत असेल, "सोडून दे, परका देश आहे." त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसायला आपल्यापैकी किती जण तयार आहेत? इथे मला जे हवं ते तिथे त्यांना मिळायला नको का?

ता. क. काल त्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, पत्र फाडून टाकू का? बघितलं की वाईट वाटतं." मी म्हटलं, "फाडू नकोस. पासपोर्टच्या फाइलमध्ये लाव. पोच पण तिथेच लाव." लावलंय म्हणाला. आणि आईला अजून सांगितलं नाहीये, तेवढं तुम्हीही सांगू नका.